स्लीव्ह किंवा बायपासनंतरचं पहिलं वर्ष: वाटी, घोट आणि घड्याळ

स्लीव्ह आणि बायपास ही वजन कमी करण्यासाठी जठरावर होणारी ऑपरेशनं. ऑपरेशनच्या आधी बहुतेकांना एकच काळजी असते, 'एवढ्याशा खाण्यावर माझं भागेल का?' घरी येऊन आठवडा झाला की प्रश्न बदलतो: खायचं कधी आणि प्यायचं कधी? स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो, मागे उरते ती शंभर-दीडशे मिलीची नळी. रू-एन-वाय बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आणि ही वरची पिशवी जेमतेम ३० मिलीची. मिनी बायपासची पिशवी लांबट आणि थोडी मोठी, पण तिच्यातही जेवण आणि ग्लासभर पाणी एकत्र मावत नाही. त्यामुळे दिवस दोघांत वाटून द्यावा लागतो. नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे ही वाटणी चुकली की पहिला मार पाण्याचा बसतो.

पुढे दिलेले आठवडे आणि मापं सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद खरा.

घरी पोहोचण्याआधी

धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यातून सुट्टी घेऊन यवतमाळ किंवा चंद्रपूरला जायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. दर तासाला गाडी थांबवा आणि पाच मिनिटं चाला. पायाच्या पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात जास्त असतो, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं हे त्याचं आमंत्रण. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर ती घरी कोण देणार हे निघण्याआधीच ठरवा.

घरात या वस्तू आणून ठेवा: लहान बाळाचा चमचा, दीडशे मिलीची एक स्टीलची वाटी, मिलीच्या खुणा असलेली पाण्याची बाटली, मिक्सरचं छोटं भांडं, बारीक गाळणी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काटा पहिले सहा महिनेच लागतो. नंतर पन्नास ग्रॅम पनीर डोळ्यांना कळू लागतं.

पहिले चार ते सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, वर टाकीचं वजन वेगळं. वीस लिटरचा पाण्याचा कॅनही तसाच. कूलरमध्ये बादलीने पाणी भरायचं कामही दुसऱ्या कुणाकडे द्या. हे काम हमखास विसरलं जातं.

पाण्याचा हिशोब

सकाळी सहा ते रात्री दहा, असे सोळा तास धरा. दिवसातून पाच-सहा वेळा खायचं आहे. प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं खाण्यात जातात, त्यानंतर अर्धा तास काहीच प्यायचं नाही. म्हणजे जास्तीत जास्त सहा तास कोरडे गेले. उरलेल्या दहा तासांत दर दहा मिनिटांनी ३० मिली, म्हणजे दोन-तीन पोह्यांचे चमचे, एवढा घोट घेतला तर १८०० मिली होतात. रोजचं लक्ष्य दीड ते दोन लिटर. यातला एक तास जरी गप्पांत किंवा झोपेत गेला तरी १८० मिली कमी पडतात, आणि ते रात्री एकदम पिऊन भरून काढता येत नाहीत. मोबाइलला दहा मिनिटांचा गजर लावा. महिनाभर घरचे वैतागतील, तर वैतागू द्या.

दोन महिने झाले की घोट मोठा होतो, मग हिशोब सैल करता येतो. उन्हाळ्यात मात्र अर्धा लिटर जास्त धरावा लागतो. पुरतंय की नाही हे लघवीच्या रंगावरून पाहा. गडद पिवळी, किंवा सहा-आठ तासांत झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं हा पुढचा टप्पा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अंधारी आली की डॉक्टरांना फोन करा. वजन उतरतं तसा दाबही उतरतो आणि जुना डोस जास्त ठरू लागतो. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांचं तर आधीच विचारून घ्या.

काय प्यावं? माठातलं पाणी उत्तम, फार गार नको. बिनसाखरेचं लिंबूपाणी, लोणी काढलेलं पातळ ताक, नारळपाणी थोडं थोडं. बाहेर उन्हात जावंच लागलं तर डब्ल्यूएचओच्या सूत्राचं ओआरएस चालतं, त्यात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. फळांच्या चवीची खोक्यातली पेयं ओआरएस समजून घेऊ नका, त्यांत साखर बरीच जास्त असते. रसवंतीचा उसाचा रस आणि पन्हं का टाळायचं ते पुढे येतं. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद, कारण त्यातला वायू नव्या पोटात फुगतो आणि दुखतो. स्ट्रॉनेही हवा आत जाते, तिच्याविना भागवा.

पातळापासून ताटापर्यंत

पहिले एक-दोन दिवस दवाखान्यातच जातात आणि तिथे फक्त आरपार दिसणारे द्रव मिळतात. पुढे साधारण चौदाव्या दिवसापर्यंत सगळे पातळ पदार्थ: साय काढलेलं दूध, ताक, गाळलेलं सूप, दुधात किंवा पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर.

इथेच आपल्याकडची सर्वात मोठी चूक होते. घरची मंडळी प्रेमाने वरणाचं पाणी पाजत राहतात. वरच्या निवळीत प्रथिनं जवळपास नसतात, ती डाळीच्या गाळात असतात. डाळ शिजवून, घोटून, मिक्सरमधून काढून मग पातळ करा. चिकनच्या पाण्याचंही तसंच, चव भरपूर आणि प्रथिनं थोडी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटलेलं अन्न: घट्ट घोटलेलं मुगाचं वरण, चक्का, दुधात कुस्करलेलं उकडलेलं अंडं, पातळ पिठलं तेही फोडणीत एकच चमचा तेल आणि मिरचीशिवाय. एका वेळी दोन-चार चमचे पुरतात. पाचव्या ते आठव्या आठवड्यात मऊ अन्न: अंड्याची भुर्जी, ताजं पनीर कुस्करून, काटे काढलेला मासा, दुधी-दोडक्याची भाजी, मऊ इडली. त्यानंतर नेहमीचं जेवण, पण एका वेळी एकच नवा पदार्थ आणि तोही घरी असताना. लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा चिकन खाऊन पाहू नये.

प्रत्येक टप्प्यावर 'मला तर काहीच त्रास नाही, मग पुढचं खाऊन पाहतो' असं वाटतं. टाके आतून भरत असताना त्रास जाणवत नाही, म्हणूनच हे आठवडे ठरवून दिलेले असतात. घाई करू नका.

प्रथिनं: रोज ६० ते ८० ग्रॅम

इतकं कमी खाऊन वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ते वाचवायला प्रथिनं हवीत. अंदाजासाठी आकडे:

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. २०० मिली टोन्ड दुधात ६. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पंचवीस ग्रॅम कच्च्या मूगडाळीच्या वरणात ६. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला ५० च्या वर, म्हणजे पंधरा ग्रॅम कोरड्या वड्यांत साडेसात. शिजवलेल्या चिकनमध्ये शंभर ग्रॅमला २५. व्हे (दुधातल्या प्रथिनांच्या) पावडरच्या एका स्कूपमध्ये बहुतेक डब्यांवर २४-२५ लिहिलेलं असतं, पण स्कूप किती ग्रॅमचा आहे तेही वाचा.

सहाव्या महिन्यातला एक शाकाहारी-अंडाहारी दिवस असा बसतो. सकाळी सातला २०० मिली दूध आणि अर्धा स्कूप पावडर, १८ ग्रॅम. दहाला दोन अंड्यांची भुर्जी, १२. एकला अर्धी वाटी घट्ट वरण आणि ५० ग्रॅम चक्का, मिळून १०-११. साडेचारला सोयाच्या वड्यांचा खिमा, ७. रात्री आठला ५० ग्रॅम पनीर आणि दोन चमचे भाजी, ९ ते १०. झोपण्याआधी दीडशे मिली दूध, ५. साठीचा आकडा कसाबसा गाठला जातो, आणि या यादीत भाकरी कुठेच आली नाही. ताटातला क्रम म्हणूनच ठरलेला असतो: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी किंवा भात. ऑपरेशननंतर दुधाने पोट गुडगुडू लागलं, जुलाब झाले, तर दही-ताकावर या आणि पावडर आयसोलेट प्रकारची, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढलेली, घ्या.

मऊ पोळी आणि भात हे दोन्ही अडकतात. पोळीचा चावूनही गोळाच राहतो आणि भात आत जाऊन फुगल्यासारखा वाटतो. शेकून कडक केलेला फुलका किंवा वरणात चुरलेली ज्वारीची भाकरी बहुतेकांना लवकर मानवते.

घास वाटाण्याएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा. पोट भरलं हे सांगायची नव्या पोटाची रीत वेगळी आहे: अचानक नाक वाहायला लागतं, उचकी किंवा शिंक येते, छातीच्या हाडाखाली दाब वाटतो. त्या क्षणी थांबायचं. आणखी एक घास घेतला की लाळ सुटते, तोंडात फेस येतो आणि तो घास वर येतो. अन्न अडकलं तर वरून पाणी पिऊन ढकलू नका, त्याने दुखणं वाढतं. उभे राहा, हळू चाला, वाट पाहा. स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल, किंवा काही तास घोटभर पाणीही टिकत नसेल, तर दवाखाना गाठा.

नागपूरच्या ताटातली सावधगिरी

संत्रं. आपल्याकडे हिवाळ्यात ते घरोघरी असतं आणि फोडी सालासकट गिळायची सवय असते. जठराच्या ऑपरेशननंतर संत्र्याच्या फोडीवरचं पातळ साल आणि पांढरे धागे नीट फुटत नाहीत. त्यांचा गोळा होऊन पोटात किंवा आतड्यात अडकल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. तिसऱ्या महिन्यानंतर खा, पण फोड उघडून आतला गरच घ्या, तोही चावून. रस काढून पिऊ नका, चार संत्र्यांची साखर एका दमात जाते.

संत्रा बर्फी, उसाचा रस, पुरणपोळी, पन्हं यांचा दोष एकच. बायपासनंतर साखर जठरात न थांबता थेट लहान आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं, आणि पंधरा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, कळा, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. पातळ साखर सर्वात वाईट. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्सुलिन जास्त सुटल्याने साखर घसरते, हात थरथरतात, डोकं सुन्न होतं. ग्लुकोमीटर असेल तर तपासा. ७० च्या खाली असेल तर एक-दोन लहान चमचे साखर पाण्यातून, आणि लगेच पाठोपाठ पनीर किंवा अंडं. नुसती साखर खाऊन थांबलात तर तासाभराने तेच चक्र पुन्हा फिरतं. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. स्लीव्हवाल्यांना डंपिंग कमी होतं, म्हणून त्यांना मिठाई जास्त सहज जाते आणि वजन परत येण्याची वाट तिथूनच निघते.

सावजी चार महिने तरी नको. नंतरही तर्री बाजूला काढून आतले तुकडे तेवढे खा. मटणाचे धागे सर्वात जास्त अडकतात, त्याऐवजी खिमा किंवा चिकनची मांडी घ्या. मिनी बायपास झालेल्यांनी तेलाच्या बाबतीत जास्त जपावं, तेलकट खाल्लं की तेलकट, घाण वासाचे जुलाब होतात आणि त्यातून अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात. तर्री पोह्यांवरच्या उसळीतले चणे मात्र तिसऱ्या महिन्यानंतर नीट शिजलेले, सालं काढून, चालतील. पोहे दोन चमचे.

खर्रा. हळूहळू कमी करतो, रोजचा एकच, असं चालत नाही. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तपुरवठा आक्रसतो आणि बायपासच्या जोडावर व्रण होतो, तो फुटला तर आणीबाणी. सुपारीचे तुकडेही पोटात नकोत. बिडी-सिगारेटला हेच लागू. दारू नव्या पोटातून फार लवकर रक्तात चढते आणि जुन्या मापाने प्यायलेला माणूस आडवा होतो. पहिलं वर्ष पूर्ण बंद.

उपास करायचाच तर दही, दूध, पनीर, थोडा शेंगदाण्याचा कूट यावर करा. साबुदाण्याची खिचडी म्हणजे चिकट पिष्ट, अडकायला एकदम योग्य. निर्जळी उपास पहिल्या वर्षी नकोच, हरतालिका असो की रोजा.

आणि पाहुणचार. 'घ्या न भाऊ, एकाने काय होते' याला आपल्याकडे नाही म्हणता येत नाही. ताटात सुरुवातीलाच थोडं थोडं वाढून घ्या आणि हळूहळू खात राहा. रिकाम्या ताटात वाढणारा हात भरलेल्या ताटापाशी थांबतो.

गोळ्या, ज्या आयुष्यभर आहेत

वजन उतरलं की गोळ्या सुटतात, हा समज बराच त्रास देतो. नेहमीचं वेळापत्रक असं असतं:

मल्टिव्हिटॅमिन रोज. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ, पण एका वेळी पाचशे-सहाशेपेक्षा जास्त शोषलं जात नाही म्हणून तीन भागांत. सायट्रेट प्रकारचं घ्या, कार्बोनेटला शोषण्यासाठी जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी झालेलं आहे. पाकिटावर 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' लिहिलं असलं तरी त्यात निव्वळ कॅल्शियम २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. 'एलिमेंटल' शब्दापुढचा आकडा वाचा. लोह: पाळी येणाऱ्या स्त्रिया आणि बायपासवाले यांना रोज ४५ ते ६० मिग्रॅ. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर, नाहीतर एक दुसऱ्याला अडवतं. लोहाच्या गोळीवर चहा नको. थायरॉइडची गोळी या दोन्हींपासून चार तास लांब. बी-१२ रोज जिभेखाली ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहारी घरांत हे चुकवणं फार महागात पडतं, मुंग्या आणि हातापायांचा बधिरपणा सुरू झाला की तो पूर्ण जाईलच असं नाही. ड जीवनसत्त्व रोज ३००० आययू किंवा रक्ततपासणी पाहून डॉक्टर सांगतील तसं. नागपूरच्या उन्हावर विसंबू नका, त्या उन्हात बाहेर पडतंय कोण!

पहिले काही महिने आम्ल कमी करणारी गोळी आणि बऱ्याचदा पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी सहा महिने दिली जाते. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात, म्हणून 'पोट दुखत नाही' म्हणून ती सोडू नका.

डोकेदुखी-गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या गोळ्या बंद, बायपासवाल्यांनी तर कायमच्या. पॅरासिटामॉल चालते. 'एसआर', 'एक्सआर' लिहिलेल्या, म्हणजे हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या फोडू नयेत आणि बायपासनंतर त्या नीट शोषल्याही जात नाहीत, पर्याय विचारा. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन पहिल्याच आठवड्यात कमी करावे लागतात. स्वतः बंद करू नका आणि जुना डोस चालूही ठेवू नका.

रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड, कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक), अल्ब्युमिन, यकृत, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर).

जे होतंच, आणि जे होता कामा नये

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात काटा हलत नाही. बहुतेकांचा अडतो. खाणं आणखी कमी करू नका, दहा-पंधरा दिवसांत तो सुटतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात, नवव्याच्या सुमारास थांबतात. तेलं बदलून उपयोग नाही, प्रथिनं, लोह आणि फेरिटिन पाहा. बद्धकोष्ठ होतं. इसबगोल मात्र सुरुवातीला नको, त्याला भरपूर पाणी लागतं आणि तेच तुम्हाला जमत नसतं. लॅक्ट्युलोज विचारून घ्या.

चालणं पहिल्या दिवसापासून. उन्हाळ्यात सातच्या आत फुटाळा किंवा अंबाझरी तलावाची फेरी आटोपा, बाटली खिशात ठेवूनच. वजनाचे व्यायाम सर्जनने परवानगी दिल्यावर, साधारण दोन महिन्यांनी. बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: वजन उतरताच पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसरा उपाय विचारा.

पहिल्या महिन्यात नाडी १२० च्या वर, १०१ च्या वर ताप, वाढत जाणारं पोटाचं किंवा डाव्या खांद्याचं दुखणं, धाप, एका पोटरीची सूज, काळी शौच: यांतलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं तिथेच जा. टाक्यांतून गळती होत असताना पोट बरेचदा मऊच राहतं, नाडी मात्र आधी बोलते.

सर्वात कमी माहीत असलेला धोका थायमिनचा, म्हणजे बी-१ चा. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. सतत उलट्या होत राहिल्या की तो संपतो. मग एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो, माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी गावातला दवाखाना 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजची सलाइन लावतो, आणि थायमिन न देता दिलेलं ग्लुकोज ही अवस्था आणखी बिघडवतं. मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं.

म्हणून पाकिटात आधार कार्डामागे एक लॅमिनेट केलेला कागद ठेवा आणि घरातल्या एकाला तो कुठे आहे ते सांगून ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: माझी स्लीव्ह/बायपास शस्त्रक्रिया झालेली आहे, तारीख अमुक, सर्जनचा फोन अमुक. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. नाकातून नळी अंदाजाने घालू नका. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या.